खान्देशच्या उन्हात टिकेल अशी प्रिंट

प्रश्न असा आहे: "मी अमळनेरला राहते. काळ्या शाईत वाडे, देवळं, नदीकाठ रेखाटते. मागच्या वर्षी गावातल्या प्रिंटवाल्याकडून बारा चित्रांच्या ए-४ प्रिंट काढून तीनशे रुपयांना एक अशा विकल्या. आता एरंडोलच्या एका ताईंनी फोटो पाठवलाय. काळ्या रेघा तपकिरी झाल्यात आणि कागद पिवळा पडलाय. आर्काइव्हल प्रिंट म्हणतात ती नेमकी काय असते? इथे बसून ती करता येईल का? आणि किती किमतीला विकायची?"

ताई, सगळ्यात आधी एरंडोलला फोन करा. प्रिंट परत घ्या, पैसे द्या, किंवा नवी चांगली प्रिंट देईन असं सांगा. बाकी सगळं त्यानंतर.

मी हे जळगावात बसून सांगतोय, कारण माझ्या हातूनही हेच झालंय. सुरुवातीच्या काळात मी तापी-पूर्णा संगमावरच्या चांगदेव मंदिराचं एक मोठं रेखाटन केलं होतं. ज्याच्याकडे प्रिंट काढल्या त्याने शाई पिगमेंटची, म्हणजे घन रंगकणांची, आहे असं सांगितलं आणि मी तेच पुढे गिऱ्हाइकांना सांगितलं. भुसावळच्या एका घरात ती प्रिंट पश्चिमेच्या खिडकीसमोर लागली. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर शिखराची सावली जांभळट दिसायला लागली. मशीनमध्ये स्वस्त डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, भरलेली होती, हे मला तेव्हा कळलं. शब्द माझा गेला होता, म्हणून भरपाईही मीच केली. तेव्हापासून जी गोष्ट स्वतः तपासलेली नाही, ती पावतीवर लिहीत नाही.

आर्काइव्हल या शब्दावर कुणाचा पहारा नाही, कुणीही तो लावू शकतो. त्यामुळे तो शब्द वापरणाऱ्याने आपल्यापुरता त्याचा अर्थ पक्का करायला हवा. माझा अर्थ साधा आहे: शाई उजेडाने उडू नये, कागद स्वतःच्या आम्लाने सडू नये, आणि प्रिंटला चिकटणारी कुठलीही वस्तू, म्हणजे गोंद, टेप, माउंट (फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची चौकट), पाठीमागचा पुठ्ठा, तिला खाऊ नये. यातलं एक जरी चुकलं तरी बाकी दोन वाया जातात.

हे समजायला परदेशी पुस्तकं लागत नाहीत, धुळ्याला जाऊन या. राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुने कागद आणि पोथ्या आहेत. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या पानांवर अक्षर आजही काळंभोर दिसतं. ती शाई दिव्याच्या काजळीची, डिंकात घोटलेली. काजळी म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन, आणि कार्बनचं ऊन काही बिघडवत नाही. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, हाताने केलेला. त्याच्यात लाकडातलं लिग्निन नाही, म्हणून तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. युरोपात लोखंड आणि मायफळाची शाई चालायची. ती आम्लधर्मी असते आणि कालांतराने कागदाला अक्षरशः भोकं पाडते. आजच्या चांगल्या प्रिंटमागचं तत्त्व आपल्या पोथीचंच आहे: कणांची शाई आणि कापसाचा कागद.

आता तुमच्या मूळ चित्राकडे येतो. तुम्ही कोणत्या पेनाने काढता ते लिहिलं नाहीत. काही जेल पेन, बॉलपेन, अल्कोहोल मार्कर आणि फाउंटन पेनच्या बऱ्याचशा शाया डायच्या असतात. डाय म्हणजे द्रवात विरघळलेला रंग, उजेडात त्याचे रेणू तुटतात. साकुराचं पिग्मा मायक्रॉन, स्टेडलरचं पिगमेंट लायनर, किंवा टाकाने वापरायची कार्बनची इंडिया इंक, यांत रंगाचे घन कण असतात. एक सावधगिरी: इंडिया इंक फाउंटन पेनात भरू नका. तिच्यात बहुधा लाख असते, पेन कायमचा तुंबतो. आणि बाटलीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलं म्हणजे उन्हात टिकते असं होत नाही. पाण्याने न पसरणं वेगळं, उन्हाने न उडणं वेगळं.

खात्री करायची सगळ्यात स्वस्त प्रयोगशाळा आपल्याकडेच आहे. ड्रॉइंग पेपरच्या पट्टीवर तुमच्याकडच्या प्रत्येक पेनाच्या पाच-पाच रेघा मारा, बाजूला पेनाचं नाव लिहा. पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि चैत्र-वैशाखभर पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. मृग लागायच्या आत काढून झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवून बघा. प्रिंटवाल्याच्या नमुन्याचीही अशीच पट्टी करा. जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांना टेकतं. तिथे दोन महिने काढलेल्या शाईबद्दल तुम्ही गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने बोलू शकता.

प्रिंटची शाई मशीनची असते, मग मूळ चित्र डायचं असलं तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं ते असं: मूळ चित्र फिकं पडलं की पुन्हा स्कॅन करता येत नाही, आणि ते विकायला काढाल तेव्हा लाज वाटते. म्हणून चित्र पुरं झालं की त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवायचं.

स्कॅनिंगमध्ये बहुतेकांचं काम फसतं. मोबाइलने फोटो काढून प्रिंट करू नका. लेन्समुळे कडा वाकतात आणि एका बाजूला सावली येते. फ्लॅटबेड स्कॅनर घ्या किंवा तासाभरासाठी कुणाचा तरी मागा. ए-४ चित्र ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केलं की ४९६० बाय ७०१६ पिक्सेलची फाइल मिळते. ती ए-२ आकारात छापली तरी ३०० डीपीआय उरतात, म्हणजे चौपट क्षेत्रफळापर्यंत तुम्ही निर्धास्त. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, १६ बिटमध्ये करा आणि टिफ फाइल म्हणून जपून ठेवा. 'लाइन आर्ट' किंवा 'ब्लॅक अँड व्हाइट' हा पर्याय निवडू नका. त्यात प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा होतो. टाकाची सुकत आलेली रेघ, पातळ शाईचा हात, दाब कमी झाल्यावरची ती करडी शेपटी, सगळं मरतं. तुमच्या चित्राचा जीव त्या शेपटीतच असतो.

मग स्वच्छता. स्कॅनमध्ये कागद कधीच पूर्ण पांढरा येत नाही, हलकासा करडा येतो. तो तसाच ठेवला तर मशीन संपूर्ण कागदावर बारीक ठिपके फवारतं, आणि चित्राची चौकट समासावर मळकट पट्ट्यासारखी दिसते. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'लेव्हल्स' असतं, त्यात पांढऱ्याची बाजू थोडी आत घ्यायची, पण जपून. जास्त ओढली तर सगळ्यात नाजूक रेघा उडतात. मी अर्धवट ओढतो आणि उरलेला करडेपणा रेघांच्या बाजूने हाताने पुसतो. एका गुंतागुंतीच्या चित्राला दोन दिवस जातात, ते जाऊ द्यावेत.

आकार बदलताना रेघेचाही विचार हवा. ए-४ चं चित्र ए-३ केलं की प्रत्येक रेघ १.४ पट जाड होते आणि हाताची थरथर दिसायला लागते. उलट ए-५ केलं की दाट हॅचिंगमधल्या, म्हणजे सावलीसाठी जवळजवळ मारलेल्या रेघांमधल्या, फटी बुजतात आणि सावलीचा काळा डाग होतो. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचं माझं एक चित्र ए-४ ला सुंदर दिसायचं. पोस्टकार्डाएवढं केल्यावर विटांचा पोत नुसता चिखल झाला. त्यानंतर पोस्टकार्डासाठी मी वेगळं, मोकळ्या रेघांचं चित्र काढतो.

छपाईकडे येऊ. गावातल्या फ्लेक्स किंवा लेझर प्रिंटरवर हे काम होत नाही. पिगमेंट शाईचा मोठा इंकजेट लागतो, आणि तो चालवणारा काळं-पांढरं समजणारा हवा. असे लोक जळगाव-धुळ्यात नाही सापडले तर नाशिक, पुणे, मुंबईला फाइल पाठवा. प्रिंट टपालाने येते, त्यात कमीपणा काही नाही. त्यांना चार गोष्टी नक्की विचारा. शाई कंपनीची आहे की बाहेरून भरलेली? कागद शंभर टक्के कापसाचा आहे का? त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे का? मॅट कागदावर मॅट ब्लॅक शाई वापरता का? ब्राइटनर म्हणजे कपड्याच्या पावडरीतली झळाळी असते तसलं रसायन. सुरुवातीला कागद निळसर पांढरा चमकतो. काही वर्षांत रसायन थकलं की तोच कागद पिवळट दिसतो. कागद थोडा मलईदार पांढरा असला तरी चालेल, पण तो ब्राइटनरविना घ्या. हानेम्यूले कंपनीचा ३०८ जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) फोटो रॅग हा कागद जगभर वापरला जातो, पण त्यातही थोडं ब्राइटनर असतं, तेवढं लक्षात ठेवा. महाग आहे, पण हातात धरताच माणसाला फरक कळतो. 'ॲसिड-फ्री' एवढ्यावर थांबू नका. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात कागद आम्लमुक्त असण्यासोबत त्यात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटएवढा अल्कलीचा साठा असावा लागतो. हवेतलं आम्ल पुढच्या काळात कागदात शिरलं तर तो साठा त्याला मारतो.

काळं चित्र सगळ्या रंगांच्या शाया मिसळून छापलं की ट्यूबलाइटखाली एका छटेचं आणि उन्हात वेगळ्याच छटेचं दिसू शकतं. म्हणून मशीनच्या ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये, मुख्यतः काळ्या आणि करड्या शायांनी छापायला सांगा. आधी एक छोटा नमुना मागवा. चित्रातला सगळ्यात काळा, सगळ्यात नाजूक आणि मधला, असे तीन तुकडे एकाच ए-४ वर बसवून. पैसे भरून पन्नास प्रिंट काढून मग रडण्यापेक्षा हे बरं.

नावाबद्दल. अशा इंकजेट प्रिंटला बाहेर 'जिक्ले' हा शब्द फार चालतो. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्समध्ये काम करणाऱ्या जॅक डुगान यांनी तो पुढे आणला, फवारणीच्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. तेव्हाच्या आयरिस या इंकजेट मशीनवरच्या सुरुवातीच्या शाया लवकर उडायच्या, हेही त्या शब्दाच्या इतिहासात आहे. मी साधं 'आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट' असं लिहितो. आणि एचिंग किंवा लिनोकटसारख्या ठशाच्या कामाशी तिची गल्लत होऊ देत नाही. ठशाच्या कामात छाप हीच मूळ कृती असते, आपली प्रिंट ही मूळ रेखाटनाची प्रत आहे. हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याने विक्री कमी होत नाही, माझा अनुभव उलटा आहे.

'शंभर वर्षं टिकेल' हे वाक्य मात्र जपून वापरा. असे आकडे विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या प्रयोगशाळा देतात, आणि त्यामागची गृहीतकं ठरलेली असतात: काचेमागे लावलेली प्रिंट, रोज १२ तास ४५० लक्स उजेड, २४ अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता. यावल-रावेरच्या घरात मे महिन्यात २४ अंश कुठून आणायचे? पत्र्याच्या घरात दुपारी काय होतं ते आपण जाणतो. मग पावसाळ्यात तीच भिंत ओल धरते, कागदाला बुरशी येते, कसर लागते. मी पावतीवर वर्षांचा आकडा लिहीत नाही. शाई कोणती, कागद कोणता आणि प्रिंट कुठे लावू नये, एवढं लिहितो.

हे 'कुठे लावू नये' छापील चिठ्ठीवर प्रत्येक प्रिंटसोबत द्या. थेट ऊन पडणारी भिंत नको, स्वयंपाकघर आणि मोरीची भिंत नको, आणि बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका. फ्रेमवाल्याकडे जाताना गिऱ्हाइकाच्या हातात ही चिठ्ठी असावी, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त प्रिंट फ्रेमवाल्याच्या टेबलावर मरतात. तो मागून फेव्हिकॉल फासतो, कडेला सेलोटेप लावतो, मागे हार्डबोर्ड ठोकतो. सेलोटेपचा डाग कधीच जात नाही, आणि हार्डबोर्डमधलं आम्ल कागदात उतरतं. माउंट आणि मागचा बोर्ड ॲसिड-फ्री हवा. प्रिंट पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने फक्त वरच्या बाजूने लटकवायची, म्हणजे कागदाला उन्हाळ्या-पावसाळ्यात हलायला जागा राहते. आणि काच प्रिंटला टेकता कामा नये, माउंटच्या जाडीएवढी फट हवीच.

आता मर्यादित आवृत्ती. तुम्ही विचारलं नाहीत, पण किंमत ठरवण्याआधी हे ठरवावं लागतं. एका चित्राच्या ५० प्रिंट काढायच्या ठरवल्या तर डाव्या कोपऱ्यात ७/५० असा क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही, आणि तिन्ही पेन्सिलीने. पेन्सिल ग्रॅफाइटची असते, तीही कार्बनच, म्हणून उडत नाही. शिवाय प्रिंटवर दाबून केलेली सही मशीनला हुबेहूब करता येत नाही. पाच-सहा आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती, वेगळे ठेवता येतात, त्यांवर 'ए.पी.' लिहायचं आणि त्यांचीही नोंद करायची. एक वही घाला. चित्राचं नाव, आकार, कागद, क्रमांक, तारीख, कुणाला दिली, केवढ्याला. माझ्या वहीची पानं आता कोपऱ्यांत मऊ पडली आहेत, पण त्या वहीमुळेच भुसावळच्या प्रकरणात मला बाकीची माणसं शोधता आली.

आवृत्ती संपली म्हणजे संपली. पन्नास ए-३ विकून झाल्यावर मागणी आली म्हणून ए-२ ची नवी आवृत्ती काढणं हा पहिल्या पन्नास जणांचा विश्वासघात आहे. कोणकोणत्या आकारांत किती निघणार हे पहिली प्रिंट विकण्याआधीच जाहीर करा. आणि सुरुवातीला ५० हा आकडाही मोठाच आहे, २५ ठेवा. पंचवीसही लगेच छापू नका. पाच छापा, विका, पुढच्या पाच छापा. फाइल, कागद आणि मशीनची सेटिंग तीच ठेवली की झालं.

किमतीचा हिशोब उदाहरणाने सांगतो, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा ए-४ प्रिंट ४५० ला पडली, बोर्ड-पाकीट-कुरिअर १५०, आणि खराब झालेल्या प्रिंटचा वाटा ५०. तुमचे ६५० गेले. ती १५०० ला विकली आणि गॅलरीने ४० टक्के घेतले तर तुमच्याकडे ९०० येतात, हातात २५० उरतात. यात तुमचे स्कॅनचे दोन दिवस धरलेलेच नाहीत. तीच २००० ला विकली तर ५५० उरतात. घरून विकताना स्वस्त आणि गॅलरीत महाग असं कधी करू नका. गॅलरीवाला पुन्हा उभं करत नाही आणि तिथून घेतलेल्या गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं. तीनशेच्या जुन्या प्रिंटचं लोक तोंडावर काढतील. त्यांना दोन्ही कागद हातात द्या. आणि ज्यांना खरंच तीनशेच परवडतात, विद्यार्थी, शिक्षक, त्यांच्यासाठी बिनक्रमांकाची छोटी पोस्टकार्डं वेगळी ठेवा. त्यांवर आर्काइव्हल हा शब्द नको.

हक्कांचं थोडक्यात, पण नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुम्ही काढलेल्या चित्राचा हक्क तुमचा, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. मूळ चित्र विकलं तरी प्रती काढण्याचा हक्क आपोआप जात नाही, तो लेखी करारानेच जातो. तरी मूळ चित्राच्या पावतीवर 'पुनर्मुद्रणाचा हक्क चित्रकाराकडे' असं लिहाच. एक अपवाद मात्र अंगावर येतो. कुणी पैसे देऊन 'आमच्या वाड्याचं चित्र काढून द्या' असं सांगितलं, तर कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक तो सांगणारा ठरू शकतो. म्हणून ऑर्डर घेतानाच एका कागदावर लिहून घ्या की प्रिंट काढण्याचा हक्क माझा. पाटणादेवी, बलसाणे, लळिंगचा किल्ला, यांची चित्रं काढून विकायला कॉपीराइटची आडकाठी नाही. दुसऱ्याने काढलेल्या फोटोवरून रेघोरेघ उतरवाल तर आहे. स्वतः जा, बसा, काढा.

पाठवणीत दोन चुका मी केल्या त्या तुम्ही करू नका. कापसाचा मॅट कागद नखानेही ओरखडतो, म्हणून वर नेहमी गुळगुळीत ॲसिड-फ्री बटर पेपर. आणि ए-३ पर्यंतच्या प्रिंट नळीत गुंडाळण्यापेक्षा दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा. मोठी असेल तर तीन इंचांपेक्षा रुंद नळी घ्या. आषाढ-श्रावणात आतलं पाकीट प्लास्टिकचं हवंच.

गिऱ्हाईक कोण, हे विचारलं नाहीत, तरी सांगतो. इथल्या बैठकीच्या खोल्यांत माझ्या प्रिंट कमी गेल्या. सगळ्यात जास्त गेल्या सुरत, पुणे, नाशिकला, गाव सोडून गेलेल्या खान्देशी माणसांकडे. उधना भागातल्या एका माणसाने फोनवर मला विचारलं होतं, "आमच्या गल्लीचा पिंपळ आहे का चित्रात?" तो नव्हता. मी पुन्हा जाऊन काढला. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाईच्या सणाला ही माणसं गावी येतात, तेव्हा तुमच्याकडे पाच प्रिंट तयार असू द्या. आणि एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून या. स्टेशनजवळच्या त्या बंगल्यात राहून त्यांनी काळ्या-पांढऱ्यात जे केलं, ते बघितल्यावर करड्याच्या किती छटा असतात ते डोळ्यांना कळतं.

बारा चित्रं एकदम घेऊ नका. बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी तुम्ही काढली असेलच, अमळनेरचा माणूस ती काढल्याशिवाय राहत नाही. ते एकच चित्र घ्या, ६०० डीपीआयला स्कॅन करा, तीन तुकड्यांचा नमुना मागवा आणि त्यातली अर्धी पट्टी खिडकीला लावा. पहिली चांगली प्रिंट हातात आली की ती एरंडोलच्या ताईंना पाठवा.